वेगळं ताट

आमच्या घरच्या ग्रुपवर आठवडाभर एकच विषय चाललाय. मिरजेच्या मावसभावाचं ठरलेलं लग्न मोडायचं का? कारण काय, तर मुलीच्या रक्तात पांढरी कावीळ निघाली. काका म्हणतात, "उद्या एका ताटात जेवायचंय." मावशीचं मत, आधी डोक्यावर काविळीची माळ घालून बघा.

अहो, पांढरी कावीळ म्हणजे हिपॅटायटिस बी. तो ताटातून पसरत नाही, पाण्यातून नाही, मिठीतूनही नाही. रक्तातून, शरीरसंबंधातून आणि जन्माच्या वेळी आईकडून बाळाला होतो. नवऱ्यामुलाने तपासून लशीचे डोस पुरे केले की संपला विषय. अमिताभला 'कुली'च्या अपघातानंतर चढवलेल्या रक्तातून हेच झालं, त्यानेच जाहीर सांगितलंय. त्याच्या शेजारी फोटोला उभं राहायला काका नाही म्हणतील?

इथे लंडनमध्ये कळ आली म्हणून ए अँड ईला, म्हणजे हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात जा, बाकीच्या रक्ताबरोबर हीही तपासणी होते; नको असेल तर तुम्ही सांगायचं. रिपोर्ट आला म्हणून कुणी तोंड वाकडं करत नाही. (तान्ह्या बाळांना लस सरसकट द्यायला मात्र या शहाण्यांना २०१७ उजाडलं. आपल्याकडे ती २०११ मध्येच देशभर पोचली होती. हे मी इथल्या नर्सला ऐकवलंसुद्धा.)

एवढं मला कसं ठाऊक, हे ग्रुपवर कुणी विचारलं नाही. मार्चमध्ये मुतखड्याची कळ घेऊन गेलेला तो मीच. सहा महिन्यांनी पुन्हा रक्त दिलं, पुन्हा पॉझिटिव्ह, म्हणजे आता कायमचा मुक्काम. लिव्हर ठीक आहे, गोळी सध्या नाही, दारू बंद.

आणि माझा निळा मग मी सगळ्यात शेवटी, वेगळ्या स्पंजने घासतो. कुणी सांगितलेलं नाही. बायकोने एकदा ते पाहिलं. काही बोलली नाही, त्याच मगात चहा ओतून घेतला आणि प्यायली.

नर्सने विचारलं होतं, "आईची तपासणी झालीये?" अजून नाही. मिरजेतही सरकारी योजनेत ती फुकट होते, पैशाचं निमित्त नाही. पण फोनवर "आई, रक्त तपासून घे" म्हटलं की ती "का रे?" म्हणणार. आणि मग रात्रभर माझ्या बाळंतपणाचा हिशोब मांडत बसणार.

काल तिने ग्रुपवर एवढंच लिहिलं, "पोरीचा यात काय दोष?"

मी त्याखाली नुसता अंगठा दाबला.