‘डिझायनर काय, रंगरंगोटी करतो’: एका दाव्याची चिरफाड

वेब डिझायनरच्या करिअरबद्दल एक दावा सध्या जोरात फिरतो आहे. त्याचा सारांश असा: प्रोग्रामरनं बांधलेल्या गोष्टीला डिझायनर शेवटी रंगरंगोटी करतो. स्क्रीनवरच्या बटणांत ‘शोध’ लावण्यासारखं काही नसतं. म्हणून डिझायनरला कंपनी काढायची असेल तर आधी कोडिंग शिकावं किंवा एमबीए करावं. आणि आता एआय पानं बनवून देतं, म्हणजे हा पेशाच संपला. यातल्या शेवटच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. पहिल्यात मला काहीच सापडलं नाही.

रंगरंगोटी. शिकागोत १९९९ मध्ये जेसन फ्राइड आणि त्याच्या साथीदारांनी थर्टी-सेव्हन सिग्नल्स ही वेब डिझाइन संस्था काढली. दुसऱ्यांच्या वेबसाइट बनवणं हाच धंदा. क्लायंटची कामं ईमेलवर सांभाळता सांभाळता गोंधळ व्हायला लागला, म्हणून त्यांनी स्वतःपुरतं एक साधन बनवायला घेतलं. कोड लिहायला डेव्हिड हाइनेमायर हॅन्सन हा डेन्मार्कमधला तरुण होता. या मंडळींची पद्धत अशी की आधी स्क्रीन कशी दिसेल आणि वागेल ते ठरवायचं, मग त्यामागचा प्रोग्राम लिहायचा. २००४ मध्ये ते साधन बेसकँप नावानं बाजारात आलं. त्याच्या कोडमधून हॅन्सननं जो सामाईक भाग वेगळा काढून खुला केला, तो रुबी ऑन रेल्स, म्हणजे वेबसाइट बांधायचा तयार सांगाडा (फ्रेमवर्क). प्रोग्रामरांचे कोड ठेवणारं गिटहब आणि ऑनलाइन दुकानं चालवणारं शॉपिफाय पुढे त्यावरच उभे राहिले.

रेल्सचं श्रेय हॅन्सनचंच आहे, त्यात वाद नाही. पण क्रम बघा: आधी डिझायनरची अडचण, मग स्क्रीन, मग प्रोग्राम, आणि त्यातून फ्रेमवर्क. रंगारी घर बांधून झाल्यावर येतो. इथे तो पाया खणायच्या आधीपासून हजर होता.

बटणात कसला शोध? या मुद्द्यावर जरा थांबावं लागेल, कारण यात दोन वेगळ्या गोष्टी एकात मिसळल्या आहेत.

लॉरेन ब्रिक्टरनं २००९ मध्ये ट्वीटी या ट्विटर वाचायच्या अ‍ॅपच्या दुसऱ्या आवृत्तीत एक हालचाल आणली: यादी बोटानं खाली ओढून सोडली की ती ताजी होते. नवीन मजकूर हवा असलेला माणूस यादीच्या वरच्या टोकाला जातोच. तीच हालचाल थोडी पुढे ताणली की वेगळ्या बटणाची गरजच उरत नाही. ट्विटरनं २०१० मध्ये ट्वीटी विकत घेतलं आणि २०१३ मध्ये या कल्पनेला अमेरिकन पेटंट मिळालं. आता, ब्रिक्टर हा मुळात ग्राफिक्सचा प्रोग्रामर. दावा करणाऱ्यांना हे उदाहरण आपल्या बाजूचं वाटेल. पण पेटंट मिळालं ते बोट कुठे जातं आणि स्क्रीननं त्याला काय उत्तर द्यावं याला, आणि इंटरफेस डिझायनरचं रोजचं काम नेमकं हेच असतं.

दुसरं उदाहरण अ‍ॅमेझॉनचं. ‘वन-क्लिक’ खरेदीचं पेटंट त्यांना सप्टेंबर १९९९ मध्ये मिळालं. महिन्याभरात त्यांनी बार्न्स अँड नोबलवर दावा ठोकला आणि नाताळच्या ऐन हंगामात मनाई हुकूम मिळवला. तो हुकूम २००१ मध्ये वरच्या कोर्टानं रद्द केला, पण अ‍ॅपलनं २००० मध्येच परवाना घेतला होता आणि पेटंट २०१७ पर्यंत चाललं. इतक्या उघड कल्पनेवर मक्तेदारी द्यायला नको होती असं अनेकांचं म्हणणं आहे, माझंही तेच. पण तो वाद मक्तेदारीचा आहे. एका क्लिकची किंमत किती, हे दोन बड्या पुस्तकविक्रेत्यांनी कोर्टात भांडून दाखवून दिलंच.

उलट क्रिस मेसिना. या डिझायनरनं ऑगस्ट २००७ मध्ये ट्विटरवर हॅशटॅग सुचवला, पेटंट घेतलं नाही. जगभर वापर झाला, त्याच्या खिशात काही पडलं नाही. म्हणजे शोध लागतो की नाही हा एक प्रश्न, आणि त्याचे पैसे कोणाला मिळतात हा दुसरा. दावा दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या प्रश्नावर चिकटवतो.

आणखी एक नाव: एझा रास्किन. कधीच न संपणारं स्क्रोलिंग त्यानं २००६ मध्ये मांडलं आणि नंतर त्याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. पानाच्या तळाशी असलेलं ‘पुढचं पान’ हे थांबण्याचं ठिकाण होतं, तेच नाहीसं झालं. रंगाच्या छटेबद्दल कोणी अशी खंत करत बसत नाही.

पैशाच्या बाजूनं मात्र डिझायनर खरोखर हलगर्जी असतात. नवी कल्पना सुचली की आधी पोर्टफोलिओत टाकतात. युरोपसारख्या ठिकाणी अर्ज करण्याआधी कल्पना स्वतःहून जाहीर केली की पेटंटचा दरवाजा सहसा बंद होतो. अमेरिकेत वर्षभराची सवलत आहे. नोकरीतल्या करारात तर ‘इथे सुचलेलं सगळं कंपनीचं’ असं कलम बहुधा असतंच. सही करण्याआधी ते वाचणारे कमी.

‘आधी एमबीए करा.’ स्ट्यूअर्ट बटरफिल्डच्या पदव्या तत्त्वज्ञानातल्या. त्यानं वेब डिझाइन केलं, मग साथीदारांसह ऑनलाइन गेम काढायला कंपनी काढली. गेम चालला नाही, त्याच्या तुकड्यांतून २००४ मध्ये फोटो शेअर करायचं फ्लिकर निघालं आणि पुढच्याच वर्षी याहूनं ते घेतलं. दुसरा गेम, ग्लिच, २०१२ मध्ये बंद झाला. तो बनवताना टीमनं आपसात बोलायला जे साधन केलं होतं, त्याचं स्लॅक झालं. ते सेल्सफोर्स या सॉफ्टवेअर कंपनीनं २७.७ अब्ज डॉलरला घेतलं. बटरफिल्डसोबत पक्के प्रोग्रामर होते, आणि तेच तर सांगायचं आहे: कोड येत नसेल तर तो येणारा भागीदार शोधता येतो. घरं-खोल्या भाड्यानं मिळवून देणाऱ्या एअरबीएनबीच्या तीन संस्थापकांपैकी दोघे डिझाइन कॉलेजातले, तिसरा प्रोग्रामर. एवढ्यावरून प्रत्येक डिझायनर श्रीमंत होईल असं कोणी समजू नये. ‘होऊच शकत नाही’ हे खोडायला मात्र एवढं पुरतं.

‘एआयनं पेशा संपवला.’ तयार पानं विकणाऱ्याचं काम स्वस्त होत चाललं आहे, हे खरं. पण ही घसरण एआयच्या खूप आधीची. आधी वर्डप्रेसच्या थीम, म्हणजे वेबसाइटचे तयार साचे आले, मग २०११ मध्ये बूटस्ट्रॅप हा बटणं-मेनूंचा तयार संच, आणि ते ट्विटरमधल्या ज्या दोघांनी बनवलं त्यातला मार्क ऑटो स्वतः डिझायनर होता. पानामागे दर लावून जगणाऱ्यानं काळजी करावी, त्याच्यापुरता हा मुद्दा मी मान्य करतो.