दोन स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर: दिवा का गेला आणि सायकल जड का आहे

नमस्कार सर,

रविवारी तुम्ही सायकल दुकानात सोडून गेलात आणि रात्री रिव्ह्यू टाकलात. सायकल स्वतः तपासल्याशिवाय काही लिहायचं नव्हतं, म्हणून उत्तराला दोन दिवस लागले.

इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. सरांनी आमच्याकडून बीआरएमसाठी (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राईड) स्टीलची सायकल बांधून घेतली, १ लाख १८ हजारांना. त्यांचं म्हणणं असं: ३०० किलोमीटरच्या राईडला रात्री पुढचा दिवा गेला आणि राईड सोडावी लागली. तीन आठवडे सांगून आम्ही सात लावले. सायकल १३ किलोची, 'म्हशीसारखी'. एवढ्या पैशांत कार्बन फ्रेमची आली असती. गिअर 'पोराच्या सायकलचे'. डायनॅमो गळ्यात मारला. आणि आमचा कारागीर उद्धट बोलला.

आधी दिवा, कारण राईड त्याच्यामुळे गेली.

सोमवारी सायकल स्टँडवर चढवली, पुढचं चाक हाताने फिरवलं, तर दिवा लख्ख लागला. दहा वेळा फिरवलं, दहाही वेळा लागला. तुम्ही उगाच बोलताय असं क्षणभर वाटलं, खोटं कशाला बोलू. मग चाक फिरत असताना हँडल पूर्ण डावीकडे वळवलं आणि दिवा विझला. सरळ केलं, पुन्हा लागला. पुढच्या चाकाच्या मध्यावर जो डायनॅमोचा हब असतो, तिथून फोर्कवरून (चिमट्यावरून) दिव्यापर्यंत जी तार वर येते, ती फ्रेमला बांधताना आम्ही ढील ठेवलीच नव्हती. प्रत्येक डाव्या वळणाला ती ताणली जात होती. वरचं आवरण शाबूत, आतलं तांबं जवळजवळ तुटलेलं. एक-दोन तंतू चिकटून होते. दुकानात हँडल सरळ ठेवून चाक फिरवायचं आणि 'ओके' म्हणायचं, ही आमची तपासणी. रस्त्यावर दोनशे पंधरा किलोमीटर खड्डे खाल्ल्यावर ते तंतूही गेले, आणि तेही साताऱ्याहून परतताना भुईंजच्या पुढे, हायवेवर, रात्री आठला. बॅटरीचा टॉर्च चाळीस मिनिटांत संपला आणि मेव्हण्यांना गाडी घेऊन बोलवावं लागलं, हे तुम्ही लिहिलंय. दिव्याशिवाय रात्री पुढे न जाण्याचा तुमचा निर्णय अगदी बरोबर होता. नियमही तेच सांगतो. ८५ किलोमीटर आणि सहा तास हातात होते, म्हणजे ३०० तुमच्या खिशात होती. ती आमच्यामुळे गेली. इथे 'पण' नाही.

माझे वडील सांगायचे, त्यांच्या तरुणपणी पुण्यात बिनदिव्याची सायकल दिसली की हवालदार चाकातली हवा सोडून द्यायचा. परवा त्यांची आठवण झाली.

उशीर. हबला आऱ्यांची ३२ भोकं होती आणि पुरवठादाराने रिम पाठवली २८ भोकांची. ती परत जाऊन नवी येईपर्यंत चार आठवडे गेले. रिम चुकली ते आमच्या हातात नव्हतं. तुम्हाला फोन करून सांगणं हातात होतं, आणि तुम्ही तीनदा फोन केल्यावर आम्ही सांगितलं. चूक मान्य.

आता वजन. इथे मात्र मी माफी मागणार नाही, रागावू नका.

पहिल्या दिवशी तुम्ही काउंटरवर जे सांगितलंत ते माझ्या वहीत आहे: '२००, ३००, ४००, ६००, एका सीझनमध्ये एसआर (या चारही पुऱ्या केल्यावरचा किताब), मग २०२७ चं पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस.' ही शेवटची फ्रान्समधली राईड म्हणजे बाराशे किलोमीटरच्या वर अंतर, ९० तास, सुमारे १२ हजार मीटर चढ आणि ब्रिटनीतल्या गार रात्री. त्या हिशोबाने सायकल बांधली. १३ किलोमध्ये मडगार्ड, कॅरिअर, दोन्ही दिवे, डायनॅमो हब आणि बाटल्यांचे स्टँड सगळं धरलंय. शोरूममध्ये ८ किलोची म्हणून जी सायकल दाखवतात तिच्यात यातलं काही नसतं. बऱ्याचदा पेडलही नसतात. हे सगळं तिच्यावर चढवल्यावर फरक राहतो तीनेक किलोचा.

या तीन किलोंची किंमत काढून बघू. वाईहून पाचगणीला पसरणी घाटाने चढलं की साधारण साडेपाचशे मीटर उंची होते. तुम्ही ७८ किलो, त्यात सायकल, पाणी, सामान धरून ९५. दिवसभर टिकेल अशा जोरावर हा घाट तुम्ही तासाभरात चढाल. तीन किलो कमी असते तर दोन मिनिटं वाचली असती. वर चहाला थांबला असतात तर तीही गेली असती. सपाटीवर तर वजनाचा फरक जवळपास जाणवतच नाही. उलट ३२ मिलिमीटर रुंदीचा टायर, मडगार्डच्या जागेसकट, तुम्ही दाखवलेल्या त्या कार्बन फ्रेममध्ये बसत नव्हता. मी मापूनच नको म्हटलं होतं. कार्बनशी माझं वैर नाही, कार्बनवर एसआर झालेले रायडर माझ्याच दुकानातून जातात. पण २५ च्या टायरवर शंभर पीएसआय भरून साडेतीनशेव्या किलोमीटरला हाताची करंगळी बधीर झालेलेही माझ्याकडेच येतात.

गिअर. पुढे ४६-३० दात, मागे ११-३४. सगळ्यात जड गिअरमध्ये पाय मिनिटाला ९० वेळा फिरवलेत तर वेग ताशी ४८ किलोमीटर होतो. बीआरएमला कट-ऑफसाठी (ठरलेल्या वेळेत पोचायला) सरासरी लागते १५ ची, जेवण-पंक्चर-झोप धरून. ४८ च्या वर कुठे जायचंय? उतारावर पाय थांबवा आणि हात ब्रेकवर ठेवा. सगळ्यात हलका गिअर कशासाठी आहे ते ६०० च्या दुसऱ्या दिवशी दुपारी समोर घाट आला की कळेल. तेव्हा मिनिटाला ६० वेळा पाय फिरवत ताशी सातच्या आत चालत राहता येतं. ज्याच्याकडे तो गिअर नाही तो उतरून सायकल ढकलतो.

डायनॅमो. ३०० ची वेळ २० तास. सकाळी सहाला निघालात की कट-ऑफ रात्री दोनचा, म्हणजे सात तास अंधार. ४०० ला २७ तास आणि ६०० ला ४०, तिथे आख्खी रात्र रस्त्यावर. हायवेवर लागतो तेवढा उजेड दिला तर बहुतेक बॅटरीचे दिवे दोन-तीन तासांत मान टाकतात. तुमच्या टॉर्चचं तर तुम्हीच लिहिलंय. हबचा डायनॅमो म्हणजे आपल्या लहानपणचा टायरला घासून घुर्र करणारा नव्हे. तो चाकाच्या आत फिरतो आणि चार्जिंग मागत नाही. तार धड लावलेली असली तर.

कारागिराचं. ते आमच्याकडे बावीस वर्षं आहेत आणि त्यांनी ओढलेल्या चाकाचा आउट (वाकडेपणा) मी कधी पाहिलेला नाही. हँडल आणखी खाली करा म्हटल्यावर ते तुम्हाला म्हणाले, 'साहेब, तुमच्या पोटाला ते मानवणार नाही.' हँडल खाली न करणं योग्य होतं, पण गिऱ्हाइकाशी असं बोलत नाहीत. त्यांनाही सांगितलंय. 'मग काय सांगायचं होतं?' असं त्यांनी मला विचारलं, यावरून किती समजलं ते कळेल.

आम्ही काय केलं: तार नवी टाकली, फोर्कपाशी ढील ठेवून, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून तपासली. सोमवारपासून डायनॅमोची एकही सायकल तशी तपासल्याशिवाय दुकानाबाहेर जात नाही. बांधणीची सगळी मजुरी, ६,५०० रुपये, तुमच्या खात्यात परत टाकली आहे. वेगळा बॅटरीचा दिवा हँडलला लावून ठेवलाय, त्याचे पैसे नाहीत. रिव्ह्यू बदला असं मी म्हणणार नाही.

सायकल गुरुवारपासून तयार असेल. येताना रायडिंगचे शूज आणि रोजची सायकलिंगची चड्डी घेऊन या; सीट चार मिलिमीटर मागे घेतली आहे, बसून बघावं लागेल.