वाटेतच आहे की!

मे महिना लागला की आमच्या घरात हा उच्छाद सुरू. बेळगावातून निघायचं, बदामी आणि हंपी बघायची, निवांत. एवढंच ठरतं. मग भावजी मोबाइलवर नकाशा उघडतात. "पट्टदकल वाटेतच आहे की! ऐहोळे पण. विजापूर काय, जरासं वर!"

जरासं? बदामीहून विजापूर शंभरावर किलोमीटर उत्तरेला, आणि हंपी बरोबर उलट्या दिशेला. ऐहोळे म्हणजे काय एक देऊळ आहे? शंभरावर देवळं आहेत तिथं! बदामीची लेणी खरं तर ऊन तापायच्या आत चढावीत. यांच्या यादीत ती दुपारी दीडला, कारण सकाळी गोकाकचा धबधबा 'उरकायचा' असतो. भर मेमध्ये, पाणी जेमतेम असताना! बोलायची सोय नाही, जावई ना ते.

गोलघुमटाची तर कीव येते. १६५६ च्या सुमारास पुरी झालेली एवढी थोर वास्तू; अरुंद जिने चढून वरच्या सज्जात गेलं की पलीकडची कुजबुजसुद्धा कानाशी येते. आमची मंडळी खालीच सेल्फी काढणार आणि "चला चला, उशीर होतोय". धपाटे-चटणी चालत्या गाडीत, पोरांच्या ओकाऱ्या चालत्या गाडीत, भांडणंही चालत्या गाडीतच.

काल रात्री ग्रुपवर यंदाची यादी आली. हंपीनंतर गोकर्ण घातलंय. समुद्राशिवाय सुट्टी कसली, म्हणे.