बारा शब्दांची किराणा यादी

क्रिप्टो शिकायला बसलेला माणूस आधी ब्लॉकचेन म्हणजे काय ते विचारतो. मी सांगतो, भिशीची वही समज. फक्त तिची नक्कल जगभर हजारो ठिकाणी, आणि खाडाखोड चालत नाही. मग तो म्हणतो, अख्खा बिटकॉइन कुठला परवडायला? अरे बाबा, एका बिटकॉइनचे दहा कोटी सातोशी होतात, शंभर रुपयांचे घे. इथवर सगळं सुखाचं असतं. छळ सुरू होतो वॉलेटचं ॲप उघडल्यावर.

वॉलेट हा शब्दच फसवा. त्यात पैसे नसतात. पैसे त्या वहीत, वॉलेटात नुसती किल्ली. आणि किल्ली म्हणजे ॲप दाखवतं ते बारा इंग्रजी शब्द. २०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतून ते उचललेले असतात आणि त्या यादीत मँगो, कोकोनट, गार्लिक, जिंजर, ऑनियन असं सगळं आहे. योग असेल तर तुमची जन्माची कमाई वाण्याच्या चिठ्ठीसारखी दिसते. हजबंड आणि वाइफही आहेत यादीत, पण एकत्र येतीलच असं नाही.

हे शब्द कागदावर बॉलपेननं लिहायचे. जेलपेन नको, पहिल्या पावसाळ्यातच शाई पसरते. स्क्रीनशॉट तर नकोच. फोनची गॅलरी आपल्याला न विचारता क्लाउडवर चढून बसते. लिहायचे रोमन लिपीत, एक ते बारा आकडे घालून. अक्षर डॉक्टरी असलं तरी भागतं, कारण पहिल्या चार अक्षरांवरून शब्द ओळखू यावा अशीच ती यादी बेतली आहे. क्रम मात्र हलता कामा नये. बारा वेगवेगळे शब्द सत्तेचाळीस कोटींहून जास्त प्रकारे मांडता येतात. शेवटच्या शब्दात पडताळणीची मेख असते, त्यामुळे बहुतेक चुकीचे क्रम ॲप तिथल्या तिथे परतवतं. पण सोळातला एखादा चाळणीतून निसटतो आणि नवंकोरं वॉलेट उघडतं. शिल्लक शून्य! माणूस बोंबलतो, चोरी झाली. चोरी कसली, शेजारच्या रिकाम्या खोलीचं कुलूप उघडलंय.

म्हणून मी पहिल्याच दिवशी पाचशे रुपये टाकायला लावतो, मग ॲप उडवायला, आणि कागदावरून पुन्हा उभं करायला. ‘उडवायला’ म्हटलं की समोरच्याचा चेहरा ऑपरेशनला नेल्यासारखा होतो. पण पाचशेवर रडलेलं बरं.

पैसे पाठवणं हा दुसरा ताप. समोरच्याच्या वॉलेटचा पत्ता बहुतेकदा चौतीस नाहीतर बेचाळीस अक्षरांचा असतो. हातानं लिहायचा नाही, कॉपी करून चिकटवायचा, आणि सगळा ताडून बघायचा. नुसती सुरुवात-शेवट बघणाऱ्यांसाठी भामटे तशाच तोंडाचे आणि तशाच शेपटीचे पत्ते बनवून आपल्या जुन्या व्यवहारांत घुसवतात. टेथर, म्हणजे डॉलरच्या भावाला बांधलेलं नाणं, पाठवायचं तर नेटवर्कही जुळायला हवं, कारण ते ट्रॉन, इथेरियम अशा वेगवेगळ्या ब्लॉकचेनांवर चालतं: ट्रॉनचा पत्ता ‘टी’नं सुरू होतो, इथेरियमचा ‘शून्य-एक्स’नं (0x). शिवाय ट्रॉनवर फी ट्रॉनच्याच नाण्यात लागते. वॉलेटात टेथर रग्गड, पण ट्रॉन नाही म्हणून अडकलाय! खिशात पाचशेची नोट आणि कंडक्टर सुट्टे मागतोय, तशातली गत.

कराचं एका दमात सांगतो: १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के, वर सेस, १ जुलै २०२२ पासून विकताना १ टक्का टीडीएस, एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. जिंकलात तर सरकार भागीदार, हरलात तर ओळख नाही.

आता पुन्हा कागद. तो ठेवायचा कुठे? पोथीत ठेवला तर पोथीसकट रद्दीत जातो. गव्हाच्या डब्यात ठेवला तर वर्षाच्या गव्हाबरोबर उन्हात वाळायला गच्चीवर. जाणकार म्हणतात, स्टीलच्या पत्र्यावर कोरा, आगीत-पाण्यात टिकतो. आपल्याकडे लगेच कुणाला तरी सुचतं: भांड्यांच्या दुकानात नाव घालून देतात की! देतात ना. पण मग बाराही शब्द त्या दुकानदाराला ठाऊक. त्यापेक्षा हार्डवेअरच्या दुकानातून अक्षरांचे पंच आणायचे आणि घरीच हातोडी घ्यायची. शब्दाला चार अक्षरं, म्हणजे फार तर अठ्ठेचाळीस ठोके. दुपारी दोन ते चार सोडून.