घनाची मागची बाजू

आमच्या द्विशिक्षकी शाळेत लोकवर्गणीतून टचचा मोठा पॅनल आला तेव्हा नारळ फुटला, सरपंचांचं भाषण झालं आणि पॅनलची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत घंटेच्या खाली झाली. घंटेला हात लावायला पोरांना मनाई असते. पॅनलला लावायचाच असतो, फक्त आधी धुवून. दुसरीच्या वर्गात शेंगदाण्याचा लाडू खाल्ल्यानंतरचे हात धुणं हा स्वतंत्र तास आहे, तो वेळापत्रकात नसतो.

मी तंत्रस्नेही शिक्षिका आहे. तसं प्रमाणपत्र आहे माझ्याकडे. प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये रेंज नव्हती, म्हणून सगळं ॲप आम्हाला खडूनं फळ्यावर काढून दाखवलं होतं.

तर त्रिमितीय आकार. मी जिओजेब्रा हे भूमितीच्या आकृत्या काढायचं सॉफ्टवेअर उघडलं. ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर नावाच्या विद्यार्थ्यानं २००१ मध्ये आपल्या प्रबंधासाठी ते सुरू केलं. त्याच्या परीक्षकांत सात वर्षांचं कुणी नसावं. पडद्यावर निळा घन आला, पोरांनी ‘ओऽऽ’ केलं, मी म्हटलं, “सांगा, याला किती पृष्ठं?”

“तीन!”

बरोबरच होतं. भरीव घन कुठूनही बघा, एका वेळी तीनपेक्षा जास्त पृष्ठं दिसतच नाहीत. “आणि मागं?” असं मी विचारायला आणि दोघं उठून पॅनलच्या मागं जायला एकच गाठ पडली. परत येऊन त्यांनी वर्गाला अहवाल दिला, “मागं वायरी हायेत.” वर्गानं तो मान्य करून वहीत उतरवला.

मग बोटानं घन फिरवायचा कार्यक्रम. फिरवत फिरवत पृष्ठं मोजताना एकजण अकरावर पोचला, कारण मोजलेलं पृष्ठ पुन्हा समोर आलं तर ते मोजलेलं आहे हे कपाळावर लिहिलेलं नसतं. म्हणून मी प्रत्येक पृष्ठाला वेगळा रंग दिला. मोजणी सहावर थांबली आणि गुलाबी पृष्ठ कुणाचं यावरून भांडण सुरू झालं. गुलाबी ज्याच्या त्याच्या बोटाखाली येत होतं आणि दुसऱ्याचं बोट लागलं की पलीकडे जात होतं. शेवटी मी रंग काढले, भिंतीही काढल्या, नुसत्या बारा कडा ठेवल्या. हे जास्त वाईट झालं. अर्धा वर्ग म्हणायला लागला की खोका आपल्याकडं आलाय, अर्धा म्हणाला आत खड्डा आहे. स्फटिकांच्या आकृत्या बघताना असंच चित्र उलटसुलट होतं, हे लुई आल्बेर नेकर या स्विस अभ्यासकानं १८३२ मध्ये लिहून ठेवलंय. तो एकटाच बघत होता, म्हणून नुसतं लिहून भागलं. इथे दोन्ही बाजू खऱ्या, त्यामुळे मारामारी सोडवायला निकालच देता येईना.

वृत्तचिती आडवी धरली तर पोरं “आयत!” म्हणतात. शंकू वरून दाखवला तर “वर्तुळ!” म्हणतात. दोन्ही वेळा त्यांना जे दिसतं तेच ती सांगतात आणि दोन्ही वेळा मी “नाऽही” म्हणते. खरी कसोटी मात्र गोलाची. अक्ष आणि रेषा लपवून नुसता गोल ठेवला आणि सरपंचांच्या नातीला बोलावलं. तिनं बोट फिरवलं. गोल फिरला असणारच, पण फिरल्यावरही तो तस्साच. तिनं जोरात फिरवलं. मग दोन्ही हातांनी.

“बाई, हँग झालंय.”

“नाही गं, गोल कसाही फिरवला तरी सारखाच दिसतो.”

“आमच्या पप्पांचा मोबाईल पण असाच होतो,” असं म्हणत शेवटच्या बाकावरच्यानं, घरी जो उपाय चालतो तोच केला. भिंतीवरचं बटण बंद केलं.

पॅनल पुन्हा चालू होईपर्यंत मला डी.एड.चा फ्रोबेल आठवला. टीपा लिहा, गुण पाच. याच गृहस्थानं जर्मनीत १८३७ मध्ये लहान मुलांची शाळा काढली आणि लाकडी गोल, वृत्तचिती आणि घन पोरांच्या हातात दिले. घन दोऱ्याला टांगून गरागरा फिरवला की डोळ्यांना त्यात वृत्तचिती दिसायला लागते, हा त्याच्या साहित्यातला खास खेळ. वीज लागत नाही, पासवर्ड लागत नाही. हे मी परीक्षेत दीड पान लिहिलं होतं आणि नंतर एकदाही करून बघितलं नव्हतं, कारण लाकडी घनाचा फोटो ग्रुपवर टाकला तर कोण अंगठा देणार?

पॅनल चालू झाला. मी घनाची घडण दाखवली, म्हणजे स्लायडर ओढला की खोका उलगडून सहा चौरस पसरतात. “फाटला!” अशी आनंदाची आरोळी उठली. घनाची घडण अकरा वेगवेगळ्या प्रकारे करता येते, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं, पण प्रत्येकाला तो एकदा आपल्या हातानं फाडायचा होता. रांग लागली. रांगेत बराच वेळ विचार करून एकीनं विचारलं, “बाई, मिटल्यावर यात ठेवायचं काय?” तेवढ्यात गावची लाइट गेली, म्हणून वाचले.

अंधाऱ्या पॅनलसमोर मी पोरांना म्हटलं, घरून खोकी आणा. दुसऱ्या दिवशी टूथपेस्ट, औषधं, चहा, सगळ्या इष्टिकाचित्या हजर. पण त्यांना धाकटं ठरवणारी एक वर्गातच होती. पॅनल आला तो खोका. पुरवठादाराच्या माणसानं बजावलं होतं, “मॅडम, वॉरंटी असेपर्यंत हा खोका जपा.” मी तो कपाटामागं उभा करून जपला होता. पोरांनी त्याचे आठही कोपरे आत शिरून, हात लावून मोजले. मग झाकण वर करून छप्पर केलं. मग दोन खिडक्या पाडल्या, कारण आत उकडत होतं.

पुढे पॅनलचा एक कोपरा टच घेईनासा झाला आणि तोच माणूस आला. पॅनल कारखान्यात न्यावा लागेल म्हणाला, मूळ खोका द्या. खोक्यात त्या वेळी किराणा दुकान चालू होतं. चिंचोके तोलत दुकानदार म्हणाला, “थांबा साहेब, आधीची गिऱ्हाइकं होऊ द्या.”