पालक हिरवागार आहे, म्हणून काय झालं?

“नाल्याच्या पाण्यावरची भाजी बिनधास्त खा. त्यात शिसं-कॅडमियम असतं तर झाडच जळालं असतं. मुळं गाळणीचं काम करतात, उरलंसुरलं मिठाच्या पाण्यात निघून जातं. शिवाय आपली काळी माती धातू धरून ठेवते.” हा मजकूर ग्रुपवरून ग्रुपवर फिरतोय.

झाड जळालं असतं? तांब्या-जस्ताबाबत हे बरंचसं खरं आहे. जस्त प्रमाणाबाहेर गेलं की लोहाचं शोषण अडतं, कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो, मुळं आखूड राहतात नि टोकाला तपकिरी होतात. खाणाऱ्याला अपाय होण्याआधी पीकच हातचं जातं. कॅडमियमचं उलटं. त्यानेही वाढ खुंटते, पण त्याच्या कितीतरी आधी, पीक तजेलदार दिसत असतानाच, ते खाण्यालायक राहिलेलं नसतं. झाड कॅडमियमला गंधकयुक्त रेणूंनी बांधून पेशीतल्या रिक्तिकेत (साठवणीच्या पिशवीत) कोंडतं. झाड सुटलं, ती पेशी आपल्या ताटात. जपानच्या जिन्झू नदीखोऱ्यात कामिओका खाणीतलं कॅडमियम भातखाचरांत उतरलं. भात पिकत राहिला, लोक खात राहिले, मूत्रपिंडं बिघडली, हाडं मोडू लागली. हा ‘इताई-इताई’ प्रदूषणाचा आजार असल्याचं तिथल्या सरकारने १९६८ साली मान्य केलं.

गाळणीचं म्हणणं शिशापुरतं ठीक. ते बहुतांशी मुळांमध्येच अडकतं (मग गाजर-मुळ्याचं काय, हे लिहिणाऱ्याला सुचलेलं दिसत नाही). कॅडमियमला मात्र भाताचं मूळ, झाडाला लागणाऱ्या मँगनीजच्याच वाटेने आत घेतं.

धुतल्याने पानावरची धूळ आणि तिच्यातलं शिसं जातं, त्याला मीठही लागत नाही. पेशीतलं काही जात नाही.

काळ्या मातीचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. चुनखडीच्या, ८ च्या आसपास सामू (pH) असलेल्या जमिनीत पीक कॅडमियम खरंच कमी उचलतं. पण पाणी खारट असेल तर त्यातलं क्लोराइड कॅडमियमला विरघळलेलं ठेवतं आणि शोषण वाढतं. शिवाय धरून ठेवलेला धातू कुठे जात नाही, पाण्याच्या दर पाळीला त्यात भरच पडते. तेव्हा नाल्याकाठी शेत असेल तर जमीन आरोग्य पत्रिकेवर विसंबू नका. तिच्यातल्या १२ तपासण्यांत शिसं नाही, कॅडमियमही नाही. ते प्रयोगशाळेला वेगळं सांगून तपासून घ्यावं लागतं.