व्होल्टेज पडलं की करंट पडतो की वाढतो?

दादा, तुमची प्रतिक्रिया खाली कुठेतरी दडून राहू नये म्हणून आधी इथेच उतरवतो: "गीझरच्या लेखात तुम्ही लिहिलंत की व्होल्टेज पडलं की करंटही पडतो. आमच्या विहिरीवर नेमकं उलटं होतं. व्होल्टेज 340 वर आलं की अँपिअर वाढतात आणि मोटार जळते. शिवाय मल्टिमीटर लावला तर वाइंडिंग 4 ओहम दाखवतं. तुमच्या सूत्राने 415 भागिले 4, म्हणजे शंभर अँपिअर व्हायला हवेत. मोटार तर आठवर चालते. पुस्तकातली सूत्रं विहिरीवर चालत नाहीत."

तुम्ही पाहिलंय ते सगळं खरं आहे. माझं वाक्य गीझरपुरतं बरोबर होतं, पण मी 'कुठल्याही उपकरणात' असं लिहून बसलो. ती चूक माझी, लेखात दुरुस्त केली आहे. सूत्राला मात्र इतक्यात विहिरीत ढकलू नका.

गीझरमध्ये असते एक तार. 2000 वॅटचा गीझर 230 व्होल्टवर 8.7 अँपिअर घेतो. 230 भागिले 8.7, म्हणजे रोध, करंटला तारेचा अडथळा, साधारण 26.5 ओहम. व्होल्टेज 180 झालं म्हणून ती तार काही बदलत नाही. ती तेवढीच राहते, म्हणून करंट 6.8 अँपिअरवर येतो आणि 180 गुणिले 6.8 म्हणजे जेमतेम 1225 वॅट उरतात. पंधरा लिटर पाणी 25 अंशांवरून 55 वर न्यायला सोळा मिनिटं लागायची, तिथे पंचवीस-सव्वीस लागतात. युनिटं जवळपास तेवढीच पडतात, फक्त आंघोळीची रांग वाढते.

मोटारीला तारेची पर्वा नाही, तिला पाणी उपसायचंय. तुमची 5 एचपीची मोटार दांड्यावर 3730 वॅट देते. कार्यक्षमता 80 टक्के धरली तर आत सुमारे 4660 वॅट जायला हवेत. थ्री फेजला वॅट म्हणजे 1.732 गुणिले व्होल्ट गुणिले अँपिअर गुणिले पॉवर फॅक्टर (ओढलेल्या करंटपैकी खरं काम करणारा वाटा). पॉवर फॅक्टर 0.8 धरला की 415 व्होल्टला 8.1 अँपिअर येतात, तुम्ही म्हणता तेवढेच. आता व्होल्टेज 340 झालं. पंपावरचं ओझं जवळपास तेच आहे. मोटार जराशी हळू फिरते, पाणी थोडं कमी येतं, पण मागणी फारशी घटत नाही. मग तेवढेच वॅट ओढायला करंट 9.9 अँपिअरच्या आसपास जातो. हिशेब ढोबळ आहे, कारण पॉवर फॅक्टर आणि कार्यक्षमता दोन्ही थोड्या हलतात, पण दिशा हीच.

म्हणजे गीझरमध्ये रोध कायम राहतो, मोटारीत काम कायम राहतं. सगळा घोटाळा इथे आहे.

आणि मोटार जळते ती का? वाइंडिंगमधली, म्हणजे मोटारीतल्या तांब्याच्या गुंडाळीतली, उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. 8.1 वरून 9.9 ही वाढ ऐकायला किरकोळ वाटते, पण वर्ग केला की तांब्यातली उष्णता दीडपट होते. हे तासन्तास चाललं की तारेवरचं वार्निश करपतं आणि मोटार रिवाइंडिंगला जाते. ही दीडपट काढायला मी तुमच्या नावडत्या सूत्रांपैकीच एक वापरलंय, बरं का.

आता 4 ओहमचं कोडं. मल्टिमीटर आतल्या सेलच्या डीसीने, एकाच दिशेने वाहणाऱ्या करंटने, मोजतो, म्हणून त्याला नुसतं तांबं दिसतं. डीपीवरून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरून, येतो तो एसी, सतत दिशा बदलणारा करंट. त्याचं चुंबकीय क्षेत्र सतत बदलतं आणि त्यातून वाइंडिंगमध्येच, येणाऱ्या व्होल्टेजला अडवणारं व्होल्टेज तयार होतं. तांब्याच्या वाट्याला उरतं ते थोडंसंच. मोटार फिरत असेल तर हा अडसर चांगला टिकतो. पंप जाम झाला की तो बराचसा ढासळतो आणि करंट सहापट वगैरे होतो. तेव्हा करंट वाढला की मोटार बंद करणारा ओव्हरलोड रिले कोणी चिमटा लावून बांधून ठेवला असेल, तर मोटारीचा शेवट ठरलेला.

व्होल्टेज 340 दिसलं ते कुठे मोजलंत, हे तुम्ही लिहिलेलं नाही. विहिरीवरच्या स्टार्टरमध्ये मोजलं असेल, तर सगळा दोष लगेच डीपीला देऊ नका. डीपीपासून विहीर 300 मीटर असेल आणि केबल 4 चौरस मिलिमीटर तांब्याची, तर एका तारेचा रोध साधारण 1.4 ओहम. आठ अँपिअरला लाइनमधले 15-16 व्होल्ट (1.732 गुणिले 8 गुणिले 1.4 गुणिले पॉवर फॅक्टर 0.8) वाटेतच जातात. केबल 2.5 ची टाकली असेल तर पंचवीसेक. इथे मात्र तार ही तारच आहे, साधा गुणाकार चालतो.

तेव्हा एक करा. मोटार चालू असतानाच वायरमनकडून दोन्ही टोकांना व्होल्टेज मोजून घ्या. मोटार बंद ठेवून मोजलंत तर करंटच नसतो, वाटेतली घटही दिसत नाही, आणि दोन्हीकडे आकडा सारखाच येतो. सोबत टाँग टेस्टरने (तारेभोवती पकडून करंट मोजणाऱ्या मीटरने) तिन्ही फेजचे अँपिअर बघा आणि ओव्हरलोड रिले नेमप्लेटवरच्या अँपिअरला लावून ठेवा. आकडे इथे टाकलेत तर केबल कितीची हवी ते आपण मिळून काढू.